स्वतंत्र कंत्राट : स्वातंत्र्य आणि जोखीम

(अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्यापैकी अनेकांच्या लेकी-सुना अमेरिकेतील रुग्णालयांत सेवा करीत आहेत. त्यांतील काही ‘ट्रॅव्हल नर्स’ आहेत. एका गावी साधारणतः १३ आठवडे काम करायचे आणि मुदत संपली की दुसऱ्या रुग्णालयात, बहुधा दुसऱ्या राज्यात, रुजू व्हायचे, असे या कामाचे स्वरूप असते. रुग्णालय पैसे देते ते एजन्सीला. एजन्सी आपला वाटा ठेवून परिचारिकेला वेतन देते. मग साहजिकच मनात येते : कष्ट माझे, विद्या माझी, मग हा मधला वाटेकरी कशाला? मीच रुग्णालयाशी थेट करार का करू नये?

प्रश्न रास्त आहे आणि स्वावलंबनाची ओढ स्तुत्यच आहे. परंतु एजन्सी त्या वाट्याच्या बदल्यात कोणता भार वाहते, हे आधी पाहिले पाहिजे.

पहिला भार कराचा. नोकरदाराच्या सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर करांचा निम्मा हिस्सा, म्हणजे ७.६५ टक्के, मालक भरतो. स्वतंत्र कंत्राटदाराला मात्र दोन्ही हिस्से मिळून १५.३ टक्के स्वतःच भरावे लागतात. समजा, ताशी ८० डॉलर दराने, आठवड्याला ३६ तासांप्रमाणे १३ आठवडे काम केले. एकूण ३७,४४० डॉलर झाले. एवढ्या वेतनावर नोकरदाराच्या पगारातून सुमारे २,८६४ डॉलर कापले जातील. तेवढाच निव्वळ नफा मिळवणाऱ्या कंत्राटदाराला, नियमानुसार नफ्याच्या ९२.३५ टक्के रकमेवर, सुमारे ५,२९० डॉलर द्यावे लागतील. त्यातील निम्मी रक्कम प्राप्तिकराच्या हिशेबात वजा मिळते, हे खरे. पण प्राप्तिकर वेगळा आहेच. तोही कोणी परस्पर कापून घेत नाही. एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारी अशा चार हप्त्यांत तो स्वतः भरावा लागतो. हातात आलेला सगळा पैसा आपलाच, असे समजून खर्च करणाऱ्याची पुढे मोठी ओढाताण होते.

दुसरा भार संकटाचा. रुग्णाला उचलताना परिचारिकेची पाठ दुखावली, तर नोकरदाराला कामगार भरपाईच्या विम्याचा आधार असतो. स्वतंत्र कंत्राटदाराला तो सहसा नसतो. आरोग्य विमा, अपंगत्व विमा आणि रुग्णाने दावा लावल्यास उपयोगी पडणारा व्यावसायिक दायित्व विमा हे सारे स्वतःच्या खिशातून घ्यावे लागते. रुग्णालयाने मध्येच करार मोडला, तर नेहमीचा बेकारी भत्ताही बहुधा मिळत नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची आणि ती सर्वांत महत्त्वाची. करारावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असे लिहिल्याने कोणी स्वतंत्र होत नाही. कामाच्या वेळा कोण ठरवतो, साधने कोणाची, देखरेख कोणाची आणि नफा-तोटा कोणाचा, हे तेथे पाहिले जाते. वॉर्डातील परिचारिकेची पाळी रुग्णालय ठरवते, उपकरणेही त्याचीच. म्हणूनच अनेक रुग्णालये असा थेट करार करण्यास कचरतात. कॅलिफोर्नियात २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने याविषयीची कसोटी अधिक कडक केली. तिच्यातून डॉक्टरांना सूट मिळाली, परिचारिकांना नाही. व्हर्जिनियातील एका एजन्सीने आपल्या परिचारिकांना स्वतंत्र ठरवून ४० तासांवरील कामाचे दीडपट वेतन नाकारले होते. २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने त्या परिचारिका कर्मचारीच असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. सुमारे १,१०० परिचारिकांना ९० लाख डॉलरहून अधिक रक्कम देणे एजन्सीला भाग पडले. तेव्हा एखादी एजन्सीच “तुम्ही स्वतंत्र आहात” असे सांगू लागली, तर तो मान समजू नये. मालकाने झटकलेली ती जबाबदारीही असू शकते.

आणखी एक सावधगिरी. एच-१बी व्हिसावर गेलेल्या व्यक्तीला, ज्या मालकाने अर्ज केला, त्याच्याच नोकरीत राहावे लागते. तिला परस्पर स्वतंत्र कंत्राट घेता येत नाही. घेतल्यास तेथील वास्तव्यच धोक्यात येते. हा मार्ग ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व मिळाल्यानंतरचा आहे. तेव्हाही जुन्या एजन्सीच्या करारात त्याच रुग्णालयात थेट काम करण्यास मनाई आहे का, हे वाचून घ्यावे.

मग हा मार्ग कोणी धरूच नये काय? तसे नाही. भूल देणाऱ्या प्रगत परिचारिकांमध्ये स्वतंत्र कंत्राटाची पद्धत चांगली रुळली आहे. ज्यांच्याकडे दीर्घ अनुभव आहे, चार-सहा महिन्यांची गंगाजळी आहे, पावत्या जपण्याची शिस्त आहे आणि जाणकार हिशेबनीस आहे, त्यांना या स्वातंत्र्याचे चांगले फळ मिळते. मात्र कर, विमा, प्रवास, निवास आणि काम नसलेले आठवडे धरूनच ताशी दर ठरवला पाहिजे. असा दर मिळत नसेल, तर एजन्सीचा वाटा महाग म्हणता येणार नाही.

आपल्या मुली दूरध्वनीवर सल्ला विचारतात, तेव्हा “जास्त कुठे मिळतात?” एवढेच आपण विचारतो. यापुढे “आजारी पडलीस तर कोण पाहील?” हेही विचारा. रात्रंदिवस दुसऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या मुलीच्या पाठीशी कोणी तरी उभे आहे ना, याची खात्री करून घेणे हे आपले कर्तव्य आहे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.