गर्भाशयातील गाठी आणि रुग्णाची संमती

‘पिशवीत गाठी आहेत’ हे शब्द ऐकून स्त्री घरी परतते ती पुष्कळदा कर्करोगाची धास्ती घेऊनच. ही धास्ती बहुतांशी अनाठायी असते. गर्भाशयाच्या स्नायूंतच वाढणाऱ्या या तंतुमय गाठींना वैद्यकात फायब्रॉइड म्हणतात. त्या अत्यंत सर्रास आढळतात आणि त्यांत कर्करोग क्वचितच निघतो. स्त्रीबीजकोशांतून स्रवणाऱ्या संप्रेरकांवर त्या पोसल्या जातात. म्हणूनच पाळी कायमची थांबल्यावर त्या बहुधा आक्रसतात.

गाठीच्या आकाराइतकीच तिची जागाही महत्त्वाची असते. पोकळीत डोकावणारी लहानशी गाठ अंगावरून बेसुमार रक्त घालवते, तर बाहेरच्या अंगाला वाढलेली मोठी गाठ वर्षानुवर्षे मुकाट राहते, किंवा मूत्राशयावर दाब देऊन वारंवार लघवीला जायला लावते. ओटीपोट जड होणे, कंबर दुखणे, काहींच्या बाबतीत गर्भधारणेत अडथळा येणे, हीही लक्षणे आहेत. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो रक्तक्षय. जिना चढताना लागणारी धाप ही कामाच्या शिणाने आहे, असे घरातले सगळे आणि ती स्त्री स्वतःही धरून चालते.

लक्षणे नसतील तर अधूनमधून तपासणी बहुधा पुरते. रक्तस्राव आवरण्यासाठी गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारे गर्भाशयात बसवायचे साधन आहे. गाठींना रक्त पुरवणाऱ्या धमन्या बंद करण्याची पद्धत १९९५ साली पॅरिसच्या वैद्यांनी जगापुढे मांडली. गर्भाशय राखून केवळ गाठी काढण्याची शस्त्रक्रिया त्याहून पुष्कळ जुनी. लंडनचे व्हिक्टर बॉनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचे गर्भाशय तरुणपणीच काढावे लागले होते आणि त्यांना मूल झाले नाही, हे त्या हिरिरीमागचे कारण सांगितले जाते.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया त्याज्य नव्हे. इतर उपायांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावातून ती कायमची सुटका करते. प्रश्न आहे तो निर्णय कोणी घ्यावा हा, आणि त्याचे उत्तर दिल्लीतल्याच एका खटल्याने दिले आहे. मे १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री दीर्घकाळच्या रक्तस्रावाची तक्रार घेऊन तेथील एका रुग्णालयात गेली. तिचे निदान फायब्रॉइडचे नव्हे, गर्भाशयाच्या अस्तराशी निगडित अशा निराळ्या विकाराचे झाले. पण तिच्यापुढचा प्रश्न या गाठींच्या रुग्णापुढे येतो तोच होता. दुर्बिणीने तपासणी करण्यास तिने संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय व स्त्रीबीजकोश दोन्ही काढण्यात आले. आई म्हणजे काही परकी नव्हे, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु रुग्ण प्रौढ होती, सज्ञान होती, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबल्याने जिवाला धोका नव्हता. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे, आणि अशा वेळी आईची संमतीही पुरेशी नाही. शस्त्रक्रिया सद्हेतूने झाली हे मान्य करूनही न्यायालयाने २५,००० रुपये भरपाई देवविली आणि शस्त्रक्रियेचे शुल्क नाकारले.

रुग्णाला काय सांगितले पाहिजे, हेही त्या निकालात आहे: उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, इतर पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम. गाठींच्या रुग्णाने यांतील ‘इतर पर्याय’ हा मुद्दा आवर्जून विचारावा. स्त्रीबीजकोश राहणार की जाणार, हेही आधीच विचारून घ्यावे. कारण ते गेले तर पाळी एकाएकी संपते, अंगाची लाही होते आणि पुढे हाडे ठिसूळ होऊ लागतात.