पदाची शिडी आणि रुग्णाची खाट



घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, जुहूचे कूपर, मुलुंडचे अगरवाल ही रुग्णालयांची नावे उपनगरांतील घराघरांच्या आठवणीत आहेत. कुणाचा जन्म तेथे झाला, कुणी तेथे वडिलांच्या उशाशी रात्री जागून काढल्या. त्या रात्री आपल्यासोबत जागणाऱ्या परिचारिकेकडे, निवासी डॉक्टरकडे आपण कृतज्ञतेने पाहिले. परंतु त्यांच्या मनात कोणता प्रश्न घोळत असेल, याचा विचार क्वचितच केला. तो प्रश्न असा : वर चढायचे, की जिथे मन रमते तिथेच राहायचे?

हा पेच सर्वच व्यवसायांत आहे. आरोग्यसेवेत तो अधिक तीव्र आहे. परिचारिकेची परिसेविका होते, परिसेविकेची अधिसेविका. प्रत्येक पायरीवर वेतन वाढते, मान वाढतो आणि रुग्णाची खाट एक पाऊल दूर जाते. मग दिवस सरतो तो पाळ्यांचे तक्ते, भांडाराच्या नोंदी आणि तक्रारींच्या चौकशीत. शल्यचिकित्सक विभागप्रमुख होतो, पुढे अधिष्ठाता होतो आणि शस्त्रक्रियेसाठी घडलेला हात फायलींवर सह्या करू लागतो. ही कामे हलकी नव्हेत. ती कुणीतरी उत्तम रीतीने केलीच पाहिजेत. पण ज्या कामाच्या ओढीने माणूस या क्षेत्रात आला, नेमके तेच काम त्याला बढतीची किंमत म्हणून मोजावे लागते, हे मान्य करायला हवे.

या किमतीचा हिशेब अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी २००९ साली मांडला. तेथील ४६५ अध्यापक-डॉक्टरांना विचारण्यात आले की, आपल्या कामातला कोणता भाग तुम्हाला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो? बहुसंख्यांचे उत्तर होते, रुग्णसेवा. अशा मनाजोगत्या कामाला ज्यांच्या वेळेचा पाचवा हिस्साही मिळत नव्हता, त्यांच्यापैकी सुमारे ५४ टक्के डॉक्टर कामाने खचलेले आढळले. ज्यांना तो मिळत होता, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. पाचवा हिस्सा म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात जेमतेम सव्वा दिवस! एवढ्याशा समाधानाचाही केवढा आधार असतो, हे यावरून ध्यानात यावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये, अशा खचलेपणाचे मूळ कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणात असते, असे नमूद केले.

याचा अर्थ प्रगती नाकारावी, असा मात्र नाही. डॉ. रवींद्र कोल्हे यांचे उदाहरण येथे बोलके आहे. नागपूरला एम.बी.बी.एस. होऊन ते मेळघाटातील बैरागडला गेले. तेथे आपले शिक्षण अपुरे पडते, हे त्यांना अनुभवाने कळले. ते पुन्हा शिकायला गेले, एम.डी. झाले आणि त्याच बैरागडला परतले. त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनीही नागपुरातील व्यवसाय सोडून हा संसार पत्करला. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. पदवी त्यांनीही वाढवली. पण ती रुग्णापासून दूर जाण्यासाठी नव्हे, तर रुग्णाला अधिक उपयोगी पडण्यासाठी. प्रगतीची दिशा कोणती, हा खरा प्रश्न आहे.

प्रत्येकाने मेळघाट गाठावा, असे कुणी म्हणणार नाही. मुंबईतच पाहा. डॉ. रवी बापट महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरू झाले. परंतु त्यांच्या अनुभवकथनाच्या शीर्षकात कुलगुरुपद नाही. तेथे आहे के.ई.एम.चा वॉर्ड नंबर पाच. माणसाचे मन कुठे गुंतले होते, हे अशा शीर्षकांतून कळते.

त्याच के.ई.एम.मध्ये २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानभाग या परिचारिकेवर अमानुष अत्याचार झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला, तोपर्यंत तेथील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. जुन्या निवृत्त झाल्या. घटनेच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुलींनी ती सेवा पुढे चालवली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा गौरव केला आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या याच परिवाराचा मानला. या कामाला बढतीच्या अर्जात कोणता रकाना आहे?

मात्र एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. ‘सेवेचा आनंद’ हा शब्द कुणाच्या तोंडी येतो, ते पाहावे लागते. ज्या परिचारिकेला घराचा हप्ता भरायचा आहे, मुलांचे शिक्षण करायचे आहे, तिला समाधानाचे पाठ देऊन तुटपुंज्या पगारावर राबवणे, ही सेवाभावाची विटंबना होय. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने शिफारस केली की, २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत त्यांना सरकारी परिचारिकांइतके वेतन मिळावे आणि अगदी लहान रुग्णालयांतही ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. म्हणूनच, पगारासाठी बढती घेणाऱ्या भगिनीला लोभी ठरवण्याचा अधिकार समाजाला नाही. खाटेशेजारी राहूनही मान आणि वेतन वाढेल अशी वाट तिच्यासाठी खुली करणे, हे संस्थांचे कर्तव्य आहे. अधिष्ठात्यानेही आठवड्यातून एक दिवस रुग्ण तपासावेत, अशी सोय करण्यास फारसा खर्च येत नाही.

आणि एक कर्तव्य कुटुंबांचेही आहे. मुलगी परिचारिका झाली की ‘परदेशी कधी जाणार?’, मुलगा डॉक्टर झाला की ‘स्वतःचे रुग्णालय कधी काढणार?’ हे प्रश्न आपण जेवणाच्या ताटावर सहज विचारतो. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : ‘आज कुणाला बरे वाटले?’ त्याचे उत्तर देताना मुलाचा चेहरा उजळला, तर तो योग्य जागी आहे, असे समजावे. तो दिवसेंदिवस गप्पच राहू लागला, तर पद कितीही मोठे असो, त्याच्याजवळ बसून विचारपूस करण्याची वेळ आली आहे.