भूतकाळाची क्रियापदे आणि मोहेंजोदडोचे लोकजीवन



इंग्रजी क्रियापदांची रूपे मुलांकडून पाठ करून घेण्याची आपली रीत जुनी आहे. 'गो, वेंट, गॉन' असा घोष वर्गात घुमतो. परंतु 'काल तू काय केलेस?' असे इंग्रजीत विचारताच तोच मुलगा गप्प होतो. रूप मुखोद्गत असते. ते वापरण्याचे प्रयोजन मात्र त्याला लाभलेले नसते. प्राचीन लोकांचे दैनंदिन जीवन हे प्रयोजन पुरविते, कारण तेथील प्रत्येक गोष्ट होऊन गेलेली आहे.

उदाहरणार्थ, मोहेंजोदडो घ्या. सिंधुकाठच्या या नगराचे उत्खनन १९२२ साली सुरू झाले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे लोक कसे राहत, हे तेथील वस्तू सांगतात. फळ्यावर एकेका वस्तूचे चित्र काढावे व तिच्याखाली एकेक वाक्य लिहावे. भाजलेल्या विटा : 'दे बिल्ट हाउसेस.' विहीर : 'दे ड्रू वॉटर.' धान्य दळण्याचा दगड : 'दे ग्राउंड ग्रेन.' सुती कापडाचा अवशेष : 'दे वोव्ह क्लॉथ.' दगडी वजने : 'दे वेड गुड्स.' मातीची खेळण्यातली गाडी : 'द चिल्ड्रेन प्लेड.'

येथे मराठी मुलाच्या दोन अडचणी ध्यानी घ्याव्यात. आपण 'आईने भाकरी केली' आणि 'आईने लाडू केला' असे म्हणतो. कर्माप्रमाणे क्रियापद बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे 'मेड' हेच रूप राहते. दुसरे असे की, 'त्यांनी कापड विणले' आणि 'ते कापड विणीत' या दोहोंसाठी 'दे वोव्ह क्लॉथ' हे एकच वाक्य चालते. नेहमीच्या कामासाठी 'दे वेअर वीव्हिंग' म्हणण्याचा मुलांचा कल असतो. तो येथेच सुधारावा.

नकारासाठीही याच नगराचा आधार घ्यावा. तेथील लोक तांबे व कांसे वापरीत. लोखंड वापरीत नसत. म्हणून 'दे डिड नॉट यूज आयर्न.' भूतकाळाचा भार 'डिड'ने उचलला की पुढील क्रियापद आपल्या मूळ रूपात येते. 'डिड नॉट यूज्ड' ही चूक नियम घोकून जात नाही. अशी वाक्ये वारंवार बोलल्याने जाते.

प्रत्येक वाक्यानंतर 'हाउ डू वुई नो?' असे अवश्य विचारावे व मुलाने संबंधित चित्राकडे बोट दाखवावे. आधार नसेल तेथे 'वुई डू नॉट नो' असे म्हणावयास शिकवावे. त्या लोकांची लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाही. म्हणून ते कोणती भाषा बोलत, या प्रश्नास हेच प्रामाणिक उत्तर आहे. व्याकरण शुद्ध पण विधान निराधार, असे वाक्य शाळेने पूर्ण गुण देऊन स्वीकारू नये.

शेवटी मुलांना घरी पाठवावे ते एक काम देऊन. लहानपणी तुम्ही काय करीत होता, असे आजीला मराठीत विचारावे व तिची तीन उत्तरे इंग्रजीत लिहून आणावीत. आजी जात्यावर दळीत असेल, तर मोहेंजोदडोसाठी शिकलेले 'ग्राउंड' हेच रूप तिच्यासाठी उपयोगी पडेल. त्या दिवशी ते रूप पाठांतराच्या वहीतून निघून मुलाच्या बोलण्यात आले, असे समजावे.