चाकाच्या खुर्चीतील व्यायाम
(बूढापारा, रायपूर येथील मराठी श्रोत्यांसाठी व्याख्यान)



बूढा तालाबाच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस सकाळच्या फेरफटक्याचे महत्त्व सांगावयास नको. परंतु चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्यास घरची माणसे मायेने म्हणतात, 'तू बैस, मी ढकलतो.' त्या मायेने हातांचे बळ ओसरते. उलट, दिवसभर स्वतः खुर्ची लोटणाऱ्यास आपला व्यायाम झालाच असे वाटते. तेही पुरते खरे नाही. लोटताना छातीचे आणि खांद्याच्या पुढील बाजूचे स्नायूच अधिक राबतात. पाठीचे दुबळे राहतात आणि खांदा दुखू लागतो. अशा व्यक्तीचे पाय म्हणजे तिचे खांदेच. ते निकामी झाले, की पलंगावरून खुर्चीत येणेही परस्वाधीन होते.

म्हणून ओढण्याचा व्यायाम हवा. रबरी पट्टा खिडकीच्या भक्कम गजाला अडकवावा, ब्रेक लावावेत आणि कोपरे मागे नेत पट्टा सावकाश ओढावा. दहा-दहा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस. मज्जारज्जूला इजा झालेल्या प्रौढांनी याखेरीज आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटे दम वाढविणारा व्यायाम करावा. हृदयाच्या हितासाठी तीनदा ३० मिनिटे. बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत दम लागावा. खुर्ची लोटताना रेटा लांब व संथ असावा. घाईचे, तोकडे झटके खांद्यास जाचतात.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जायबंदी झाले. उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पदकाची गोष्ट निराळी; आरंभ उपचाराचा होता, हे ध्यानी घ्यावे.

आता सावधगिरी. इजेखालच्या भागास पुरेसा घाम येत नाही. रायपूरच्या मे महिन्यात व्यायाम पहाटेच करावा, ओले फडके जवळ ठेवावे. आरंभापूर्वी मूत्राशय रिकामे करावे. इजा छातीच्या वरच्या भागात वा मानेत असेल आणि अकस्मात डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. रुग्णास आडवे करू नये. ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी तुंबली आहे काय ते पाहावे आणि विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.