सार्वभौमत्व : शब्द आणि माणूस



मी मराठीचा अध्यापक. आंतरराष्ट्रीय संबंध हा माझा प्रांत नव्हे. तरीही या शास्त्रातील तीन प्राथमिक संकल्पना आज आपल्यासमोर ठेवण्याचे धाडस करतो आहे. कारण त्यांचा अर्थ बीदर-कलबुर्गीच्या मातीने स्वतः भोगून जाणला आहे.

पहिली संकल्पना सार्वभौमत्वाची. जिच्यावर अन्य कोणाचा अधिकार चालत नाही, ती सत्ता सार्वभौम. १५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजांचे अधिराज्य संपले आणि आपण आता स्वतंत्र आहोत, असा दावा निजामाने मांडला. स्वतःचे नाणे, टपाल, रेल्वे आणि फौज त्याच्यापाशी होती. बीदर आणि तेव्हाचे गुलबर्गा हे त्याच्याच संस्थानातील जिल्हे. मात्र १७९८ मध्ये तैनाती फौज स्वीकारल्यापासून परराष्ट्रव्यवहार हैदराबादच्या हाती उरलाच नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी झालेल्या ‘जैसे थे’ करारानेही तो हाती आला नाही.

दुसरी संकल्पना मान्यतेची. १९३३ च्या माँटेव्हिडिओ कराराने राज्याची चार लक्षणे सांगितली : स्थिर लोकसंख्या, निश्चित भूभाग, शासनसंस्था आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. हैदराबादचे घोडे अडले ते या चौथ्या लक्षणाशी. ऑगस्ट १९४८ मध्ये संस्थानाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तिच्यावर चर्चा सुरू झाली, तेव्हा हैदराबाद हे तक्रार करण्यास पात्र असे राज्यच नव्हे, अशी भूमिका भारताने घेतली. भारतीय फौजा १३ तारखेलाच संस्थानात शिरल्या होत्या; १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि पुढे तक्रारही मागे घेतली. परिषदेच्या कार्यसूचीवर मात्र तो विषय नंतर कित्येक वर्षे राहिला. वास्तव निकालात निघाले, कागद उरला.

तिसरी संकल्पना सुरक्षेची. आणि येथे माझी वाणी जड होते. कोणाची सुरक्षा? राज्याची की माणसाची? मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटे गावात रझाकारांनी निरपराध ग्रामस्थांची कत्तल केली. ते शल्य आपण जपले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु सप्टेंबरनंतर याच भागात मुसलमान शेजाऱ्यांवर जे गुदरले, त्याविषयी आपण फारसे बोललो नाही. केंद्र शासनाने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत बीदर आणि गुलबर्गा यांची नावे नोंदवली. संपूर्ण संस्थानातील मृतांचा तिचा अंदाज किमान २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला.

हैदराबादचे विलीनीकरण न्याय्यच होते, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. तथापि न्याय्य कार्याच्या सावलीत घडलेला अन्याय अन्यायच राहतो. सार्वभौमत्व ही केवळ सिंहासनाची वा सीमेची मिरास नव्हे. त्या सीमेच्या आत शेवटचा माणूस रात्री निर्धास्त झोपू शकतो की नाही, ही तिची खरी कसोटी होय.

शंभर वर्षांच्या या ग्रंथालयाकडे माझे एकच मागणे आहे : येथील कपाटांत गोरट्याची कथा असावी, आणि तिच्या शेजारी तो अहवालही असावा.