गादीवरचे मूल आणि कारभाऱ्यांची सत्ता



राजा मेला आणि वारस लहान असला, तर राज्य कोणी चालवायचे? या एका प्रश्नाने जगातील कितीतरी राज्ये पोखरली. आज आम्ही याच प्रश्नाचा विचार आपल्यापुढे मांडणार आहोत.

सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात काही यवन राजांची नावे कोरलेली आहेत. त्यातला 'अंतिकिनि' म्हणजे मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस होय. हा अलेक्झांडरच्या वंशातला नव्हता. मग अलेक्झांडरचा वंश गेला कुठे? इ. स. पूर्व ३२३ मध्ये अलेक्झांडर बॅबिलोन येथे मरण पावला, तेव्हा त्याची राणी रोक्साना गरोदर होती. सरदारांनी त्याचा दुबळ्या बुद्धीचा सावत्र भाऊ आणि मागून जन्मलेले मूल, अशा दोघांनाही राजे ठरवले आणि कारभार पर्डिक्कसकडे दिला. पर्डिक्कसला त्याच्याच अधिकाऱ्यांनी ठार केले. पुढे अँटिपेटर कारभारी झाला. मरताना त्याने आपला मुलगा कॅसँडर याला डावलून पॉलिपर्कॉनला नेमले आणि पुन्हा युद्ध पेटले. अलेक्झांडरची आई ऑलिम्पियस हिने त्या सावत्र भावाला मारवले, कॅसँडरने ऑलिम्पियसला मारवले आणि शेवटी रोक्साना व तिच्या किशोरवयीन मुलाचाही जीव घेतला. ज्या मुलाच्या नावाने सारे लढत होते, त्याने एक दिवसही राज्य केले नाही.

हे दूरदेशीचे झाले. पण आपल्या चिंचवडच्या दोन बाजूंना दोन गावे आहेत, तीही हीच कथा सांगतात. चाकणवरून पुढे गेले की खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर. आणि मुंबईच्या वाटेवर वडगाव मावळ.

प्रथम खेड. १७०० साली छत्रपती राजाराम सिंहगडावर वारले. त्यांचा मुलगा शिवाजी जेमतेम चार वर्षांचा होता. महाराणी ताराबाईंनी त्याला गादीवर बसवून कारभार हाती घेतला आणि सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. त्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू सुमारे सतरा वर्षांच्या कैदेतून सुटून आले. गादी थोरल्या शाखेची की सात वर्षे राज्य राखणाऱ्यांची? याचा निवाडा करणारा नियम नव्हता. ताराबाईंनी शाहूंना तोतया म्हटले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडजवळ भीमेच्या काठी मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर आल्या. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि निकाल लागला. १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळ्यास वेगळी गादी राखली.

तेथेही शांतता लाभली नाही. १७१४ मध्ये राजारामांची दुसरी राणी राजसबाई हिने आपला मुलगा संभाजी यास गादीवर बसवले आणि ताराबाई व त्यांचा मुलगा कैदेत पडले. ज्याच्या हाती मूल, त्याच्या हाती शिक्का! ही रीत एकदा रूढ झाली की ती उद्या कोणीही वापरू शकतो. पुढे निपुत्रिक शाहू १७४९ मध्ये वारले, तेव्हा ताराबाईंनीच आपला नातू म्हणून रामराजांना पुढे आणले. १७५० मध्ये त्यांना कैद केले आणि १७५२ मध्ये जेजुरीस शपथेवर सांगितले की हा आपला नातूच नव्हे. राजा नावापुरता उरला आणि सत्ता पेशव्यांकडे गेली.

आता वडगाव. पेशव्यांच्या घरातही तेच घडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला आणि त्याचा चुलता रघुनाथराव पेशवा झाला. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी तिला पुरंदरावर सुरक्षित ठेवले. एप्रिल १७७४ मध्ये मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. ती आली साताऱ्याच्या रामराजांच्या नावाने, ज्यांच्या स्वतःच्या हाती सत्ता उरली नव्हती! रघुनाथराव इंग्रजांकडे गेला आणि १७७५ मध्ये सुरतेचा तह करून परक्यांना घरात घेऊन आला. इंग्रज फौज घाट चढून आली तेव्हा तिला रसद मिळू नये म्हणून मराठ्यांनी तळेगाव स्वतःच जाळले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरणागतीचा तह करावा लागला. विजय झाला खरा. पण तळेगावच्या ज्या कुणब्याचे, बलुतेदाराचे घर जळले, त्याला गादीवर कोण बसावे हे कोणी विचारले होते काय?

मित्रहो, यातून काय घ्यायचे? पेर्डिक्कस, ताराबाई, नाना फडणीस यांपैकी कोणीही सामान्य बुद्धीचे नव्हते. दोष केवळ माणसांचा नव्हता, व्यवस्थेचा होता. सत्ता जन्मावर ठरली की ती जन्मलेल्या मुलाच्या देहात अडकते. मग त्या देहाचा ताबा घेण्यासाठी कट, कैद आणि खून ओघाने येतात. त्यात पहिला बळी त्या मुलाचाच जातो.

तथागतांनी आपल्या पश्चात कोणा व्यक्तीला उत्तराधिकारी नेमले नाही. धम्म आणि विनय हेच मार्गदर्शक राहतील, असे सांगितले. व्यक्तीच्या जागी नियम ठेवला.

भारतीय संविधानानेही तेच केले. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यभार घेतला; त्यांनी निवडणुकीसाठी राजीनामा दिल्यावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी तो सांभाळला. निवडणूक अत्यंत चुरशीची झाली, पक्ष दुभंगण्यापर्यंत मजल गेली. तरीही ऑगस्टमध्ये नवे राष्ट्रपती शपथ घेऊन मोकळे झाले. कोणाचे गाव जळले नाही. पद रिकामे झाल्यास सहा महिन्यांच्या आत निवडणूक, हे आधीच लिहून ठेवलेले होते.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की इतिहास वाचताना कोण जिंकले एवढे पाहून थांबू नका. निवाडा कोणत्या नियमाने झाला तेही विचारा. आणि संस्थेच्या सभासदांनी लक्षात ठेवावे की हा प्रश्न राजवाड्यापुरता नाही. अध्यक्षाची मुदत किती, त्याच्यामागे कोण, हिशेबाची वही आणि किल्ल्या कोणाकडे जायच्या, हे ज्या संस्थेच्या घटनेत लिहिलेले असते आणि पाळले जाते, तीच माणूस गेल्यावरही उभी राहते. जेथे ते लिहिलेले नसते, तेथे लहानसे खेड पुन्हा घडते.

जय भीम!