चाकाचं लाकूड

(लिंबागणेश, ता. जि. बीड इथल्या महिला मेळाव्यातलं भाषण)



मला दिलेला विषय आहे ‘कुंभाराचं चाक घरी कसं करायचं’. एवढ्या वेळात अख्खं चाक काही होणार नाही. म्हणून मी फक्त लाकडावर बोलणार आहे, आणि त्यातही दुकानातून आणायच्या प्लायवूडच्या शीटवर. लोखंडी दांडा आणि बेअरिंग आपल्या नजरेसमोर वेल्डर बसवून देतो. प्लायवूडच्या पोटात काय आहे ते मात्र वरून दिसत नाही, आणि बाई गिऱ्हाईक असली की दुकानदार दाखवायच्या भानगडीतही पडत नाही.

पण चाक कशाला, हा प्रश्न सकाळपासून दोघी-तिघींनी विचारला. आपल्या देशात बहुतेक ठिकाणी कुंभाराच्या घरातली बाई माती आणते, चाळते, मळते, मडकी थापायला हात लावते, रंगवते, आवा रचताना राबते आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारही करते. चाकावर तेवढी बसत नाही. बाईनं चाकाला शिवायचं नाही, असं सांगितलं जातं. कुंभार कोण, तर जो चाकावर बसतो तो. मग तो गेला, की घरात माती आहे, आवा आहे, हात आहेत, पण चाक कोपऱ्यात उभं करून ठेवायचं आणि बाईनं मजुरीला जायचं. ऊसतोडीला जोडप्याचा मिळून एक कोयता धरतात, म्हणजे बाई अर्धा कोयता, आणि उचल घेतो नवरा. कुंभारवाड्यातलं गणित यापेक्षा वेगळं नाही.

इथून जवळच तेर आहे, गोरोबाकाकांचं गाव. त्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. भजनात तल्लीन होऊन माती तुडवताना पायाखाली मूल आलं. त्या वेळी बायको कुठे होती? पाणी आणायला गेली होती. कीर्तनात हे वाक्य झटकन पुढे जातं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आणि बाईच्या हाताला कुंभारकाम जमत नाही म्हणाल, तर मणिपूरमध्ये आंद्रो आणि थोंगजाओ या गावांत बायकाच मडकी घडवतात, तीही चाकाशिवाय. थोंगजाओच्या नीलमणी देवींना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या पुण्याच्या निर्मला पटवर्धन चाकावर बसल्याच, शिवाय त्यांनी कुंभारकामाचं हस्तपुस्तक लिहिलं. मनाई हाताला नव्हती. मनाई होती ती चाकाच्या मालकीला.

खादी आणि ग्रामोद्योग आयोग 2018 पासून कुंभारांना विजेवर चालणारी चाकं देतो आहे. ती जरूर मागा, आणि अर्ज बाईच्या नावानं करा. पण वीज गेली की ते चाक थांबतं. म्हणून आज पायानं फिरवायच्या चाकाचं बोलू. जुनं चाक जमिनीलगत असतं, उकिडवं बसून काठीनं फिरवावं लागतं. हे उंच असतं. स्टुलावर बसायचं आणि खालचं जड चाक पायानं ढकलायचं. साडीत सहज जमतं, फक्त पदर आणि निऱ्या खोचून बसायचं आणि लहान पोरांना लांब ठेवायचं.

या चाकाची रचना अशी. खाली 30 इंचाच्या दोन गोल फळ्या, त्यांच्या मध्ये कडेकडेनं विटा, फटींत सिमेंट-वाळू. वजन पन्नास-साठ किलो होतं. वजन कडेला हवं, मधे नको. कडेला असलं की चाक एका ढकलण्यात जास्त वेळ फिरत राहतं. वर दांड्याच्या टोकाला 12 ते 14 इंचाची छोटी गोल फळी. मातीचा गोळा तिच्यावर बसतो.

लाकूड म्हटलं की आपल्याकडे बाभूळ आठवते. बैलगाडीच्या चाकाला बाभळीला तोड नाही, पण त्या चाकाला तुंबा असतो, आरे असतात, वर लोखंडी धाव चढवलेली असते. सरळ बाभळीच्या फळ्या जोडून गोल कापला तर लाकूड वाळताना आडव्या अंगानं जास्त आकसतं, लांबीत जवळजवळ आकसत नाही. वर्षभरात गोलाची अंडाकृती होते आणि चाक हेलकावे खातं. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते सगळीकडून सारखं राहतं. बाभूळ खालच्या चौकटीसाठी वापरा. गावातला सुतार उत्तम करून देईल.

दुकानात गेलात की ‘कमर्शियल’ दाखवतील. ते स्वस्त असतं, पण त्यातला डिंक दमट हवा सोसतो, पाणी नाही. आपलं काम ओल्या मातीचं. वरच्या फळीला तर ‘मरीन’च घ्या, त्यावर आयएस 710 असा शिक्का असतो. या मानकात 72 तास उकळून पाहायची कसोटी आहे. शिक्क्यासोबत लायसन्सचा नंबर असतो, तो मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये घालून खरा-खोटा बघता येतो. गटातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला सोबत न्या, ती एका मिनिटात बघून देईल.

शीट लालसर आहे म्हणजे वॉटरप्रूफ आहे, असं कुणी सांगितलं तर हसा. रंग वरून लावता येतो. त्यापेक्षा दुकानातून त्याच शीटचा वीतभर तुकडा मागा आणि घरी जुन्या डब्यात दोन-तीन तास उकळा. स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. कच्च्या डिंकाचे पापुद्रे सुटू लागतात. कडेनंही बघा. थर सारख्या जाडीचे हवेत, मधे भोकं नकोत. शीटवर जागोजाग बोटाच्या पेरानं ठोका, पोकळ आवाज आला तर आत फट आहे. एक कड डोळ्यासमोर धरून वाक बघा. आणि पट्टी सोबत न्या, कारण 19 एमएम म्हणून 17 चं शीट गळ्यात मारतात.

आतलं लाकूड कोणतं तेही विचारा. पूर्वी प्लायवूड ईशान्येकडच्या जंगलातून यायचं. 12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टानं झाडतोडीवर बंधनं घातली आणि तिकडच्या गिरण्या पडल्या. आता बराच माल हरियाणातल्या यमुनानगरचा, शेतात लावलेल्या पॉपलरचा आणि निलगिरीचा. पॉपलर हलकं आणि मऊ, त्यात स्क्रू ढिला होतो. चाकाला निलगिरीचं बरं. ब्लॉकबोर्ड आणि भुशाचा बोर्ड घेऊ नका. ब्लॉकबोर्डच्या आत पट्ट्या असतात, गोल कापला की कडेला त्यांच्या फटी उघड्या पडतात. भुशाचा बोर्ड पाणी लागलं की भाकरीसारखा फुगतो.

नवीन शीट परवडत नसेल तर खालच्या फळ्यांसाठी सेंट्रिंगवाल्यांकडे जा. स्लॅबला वापरलेलं शटरिंग प्लाय ते काम झाल्यावर विकतात. ते पाणी सोसणारंच असतं. कडा कुजलेल्या असतात, तेवढा भाग सोडून गोल आखायचा. चिकटलेलं सिमेंट खरवडून काढा, नाहीतर सुताराची करवत जाते आणि तो पुन्हा येत नाही.

शीट 8 बाय 4 फुटांचं असतं. त्यातून 30 इंचाचे तीनच गोल निघतात आणि साधारण दीड फूट रुंदीची पट्टी उरते. एका चाकाला दोन गोल लागतात, म्हणजे एकटीनं घेतलं तर एक गोल पडून राहणार. तिघींनी मिळून दोन शीट घ्या, तीन चाकं होतील, आणि पट्ट्यांतून वरच्या फळ्या आणि बसायच्या स्टुलाच्या फळ्याही निघतील. दुकानातच चौकोन कापून घ्या, म्हणजे अख्खं शीट आणायला टेम्पो लागत नाही, बीडहून मांजरसुंब्यामार्गे जीपवर येतं. कापताना नाकाला पदर बांधा. कापलेल्या कडांना जवसाचं तेल दोन-तीनदा पाजा, पाणी आधी कडेतूनच शिरतं. आणि उरलेले तुकडे चुलीत किंवा आव्यात घालू नका, डिंकाचा धूर छातीला वाईट.

बिल पक्कं घ्या, बाईच्या नावावर, नाहीतर बचत गटाच्या नावावर, आणि गटाच्या वहीत नोंद करा की चाक कुणाचं. घर सोडायची वेळ आली, दिरांनी वाटणी मागितली, तेव्हा ‘हे माझं’ म्हणायला कागद लागतो. विटा-सिमेंटचीही पावती ठेवा. चाकानं ऊसतोड लगेच सुटेल असं मी म्हणणार नाही. मडक्याला गिऱ्हाईक उन्हाळ्यात, पणतीला दिवाळीत, आणि टोळ्या त्याच सुमाराला निघतात. राहायचं की जायचं, हे घराघरात भांडून ठरेल. त्या भांडणात बाईच्या बाजूला एक चाक असावं, इतकंच.

आता जेवण आहे. जेवणानंतर अंगणात एक फळी ठेवली आहे, खिळा आणि सुतळीनं 30 इंचाचा गोल कसा आखायचा ते दाखवते. सुतारदादा तीन वाजता येणार आहेत. कापतील ते, पण आखून आपण ठेवायचं.